सतरा अंकी संख्या आणि देवळालीचे मास्तर

खाली दिलेली संख्या एकदा नीट बघा.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकूण सतरा अंक. एकपासून नऊपर्यंत पायरी पायरीने चढते आणि तशीच एकपर्यंत उतरते. उलटी वाचली तरी तीच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ या ग्रंथात एकं, दहं, शतं पासून अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अठरावं स्थान परार्ध, त्याच्या आधीचं सतरावं मध्य. म्हणजे आपली ही संख्या परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबते. बऱ्यापैकी मोठी आहे म्हणायची.

आता हीच संख्या एक्सेलच्या एका खान्यात टाईप करा. शेवटचे २१ जाऊन त्याजागी ०० दिसतील, कारण एक्सेल पंधराच अंक जपतं. सी प्रोग्रॅममध्ये डबल व्हेरिएबलला द्या. शेवटचा १ जाऊन ० येईल, कारण दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडे डबलमध्ये विषम संख्या मावतच नाही. परीक्षेला नेतो तो सायंटिफिक कॅल्क्युलेटर तर सरळ १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात असं सांगून मोकळा होतो. म्हणजे तिन्ही ठिकाणी तिचं शेपूट कापलं जातं, आणि सगळी गंमत त्या शेपटातच आहे.

या संख्येला आणि तिच्या भावंडांना ज्यांनी नाव दिलं, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कागद, पेन्सिल, शाळेतली मास्तरकी आणि शाळा सुटल्यावर उरेल तेवढा वेळ, एवढंच भांडवल. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ‘कापरेकर नंबर’ हे शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांनी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये ऐकलेले असतात. लूप, मॉड्युलस आणि भागाकार वापरून संख्या फोडायची आणि बेरीज करायची, झाला प्रोग्रॅम. पण हे कापरेकर कोण, हा प्रश्न व्हायवाला कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आपल्याच लाईनवरचा माणूस

पालघरहून गुजरातच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसलं की उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली आणि पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी, १७ जानेवारी १९०५ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूला कापरेकरांचा जन्म झाला. आपल्या भागाचं नाव देशात माहीत आहे ते १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे, आणि बोईसरच्या एमआयडीसीमुळे. डहाणू म्हटलं की लोकांना चिकू आठवतो. पण ६१७४ ही संख्या जगात जिथे जिथे गणिताची आवड असणारी माणसं आहेत तिथे तिथे पोचलेली आहे, आणि तिच्याबरोबर जे आडनाव जातं ते डहाणूला जन्मलेल्या या माणसाचं.

दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवू, पण त्यात आकडेमोड भरपूर लागते हे कुणीही मान्य करेल. घरातली ही आकडेमोड मुलाच्या अंगात भिनली. फरक एवढाच की वडील आकड्यांतून माणसाचं भविष्य बघत होते आणि मुलाला आकड्यांचंच काय होतं ते बघायचं होतं.

शाळा ठाण्याला झाली. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळालं. कॉलेजच्या विद्यार्थ्याने गणितात स्वतःचं काहीतरी नवीन केलं तर मिळणारं हे बक्षीस. ज्यांच्या नावाने ते होतं ते परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत पहिले आलेले. अशा माणसाच्या नावाचं बक्षीस डिग्री मिळायच्या आधीच खिशात, म्हणजे पुढची लाईन क्लिअर असं आपल्याला वाटेल. १९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पूर्ण केली. आणि शिक्षण तिथेच थांबलं. पुढे एम. एस्सी. नाही, पीएच. डी. नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत मास्तर म्हणून लागले आणि १९६२ साली रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. बत्तीस वर्षं.

बायोडेटा म्हणून बघितलं तर एवढंच. बी. एस्सी., एक शाळा, एक गाव. प्लेसमेंटला आलेल्या कुठल्याही कंपनीने दुसऱ्या मिनिटाला पुढचा बायोडेटा उचलला असता.

स्टेशनचं नाव संख्येला

कापरेकरांनी संख्यांना जी नावं दिली ती मजेशीर आहेत. त्यातलं पहिलं डेम्लो. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर, या नावाचं स्टेशन होतं. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली म्हणून नाव डेम्लो.

आपली सतरा अंकी संख्या याच कुळातली. तिचा वंश असा आहे:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नऊ एक घेतले, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतं. हे का होतं ते समजायला एम-थ्रीची गरज नाही. तिसरीतला गुणाकार पुरे. १११ ला १११ ने गुणताना आपण एकाखाली एक तीन ओळी लिहितो आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवतो. मग उभी बेरीज करतो. उजवीकडच्या उभ्या रांगेत एकच १ येतो, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग परत दोन, एक. नऊ ओळी असल्या तर मधल्या रांगेत नऊ एक. बेरीज नऊ. हातचा कुठेच नाही. म्हणून जिना इतका स्वच्छ दिसतो.

पण कापरेकर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी डेम्लो संख्येची व्याख्या केली ती अशी: संख्येचे तीन भाग पाडायचे. मधल्या भागात एकच अंक, कितीही वेळा. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की तोच अंक परत परत आला पाहिजे. साधं उदाहरण १६६५. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मध्ये ६६. आता मोठ्या संख्येला लावा. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९. एकही अंक वेगळा नाही! १२१ आणि १२३२१ सुद्धा अशाच बसतात, तपासून बघा.

या विषयावर त्यांचं लिखाण १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आलं. पुढच्या वर्षी, १९३९ साली, के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावरचा पेपर मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापून आला. म्हणजे शाळेत शिकवत असताना, कुणीही सांगितलेलं नसताना, प्रमोशनशी काही संबंध नसताना, हा माणूस पेपर लिहीत होता. आपल्याकडे असाइनमेंटची तारीख वाढवून मागतात, हे लक्षात घेतलं की या गोष्टीची किंमत कळते.

दहावा एक आणि हातचा

आता एक प्रश्न. नऊ एकांवर जिना पूर्ण झाला. दहा एक घेतले तर?

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

मधल्या रांगेत आता दहा एक आले. शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवात गेला, तिथेही दहा झाले, परत शून्य, परत हातचा एक. तो आठात गेला आणि आठाचे नऊ झाले. म्हणून चढताना सातानंतर एकदम नऊ येतो, आठ गायब. मध्ये दोन शून्यांचा खड्डा. परार्धही मागे पडलं, कारण ही संख्या एकोणीस अंकी आहे. सुंदर पॅटर्न बिघडला, असं म्हणून कुणीही वही मिटली असती.

इथे कापरेकरांच्या दुसऱ्या शोधाकडे वळू, तोच आपला प्रॅक्टिकलवाला. एखाद्या संख्येचा वर्ग करायचा, वर्गाचे दोन तुकडे करायचे आणि बेरीज करायची. मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ आणि २०९ मिळून ७०३. अजून एक बघा, २२२३ चा वर्ग ४९४१७२९. तुकडे ४९४ आणि १७२९, बेरीज २२२३. हा १७२९ म्हणजे रामानुजन यांच्या नावाशी जोडलेला तोच टॅक्सीचा नंबर. योगायोग आहे, पण छान आहे.

आता आपल्या बिघडलेल्या एकोणीस अंकी संख्येचे दोन तुकडे करू. उजवीकडचे दहा अंक घ्या, ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०. बेरीज करा.

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक जसेच्या तसे परत आले! म्हणजे जिथे जिना मोडला असं वाटलं, तिथेच दहा एकांची संख्या कापरेकर संख्या निघाली. नऊ एकांना हे जमत नाही. हातचा आल्यामुळे जे गेलं त्याच्या बदल्यात हे मिळालं. पहिल्यांदा ही बेरीज केली की माणूस दोन मिनिटं गप्प बसतो.

हर्षद आणि देवळाली

कापरेकरांनी आणखी एक जात शोधली, तिचं नाव ठेवलं हर्षद. हर्ष देणारी ती हर्षद. नियम सोपा आहे. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग गेला पाहिजे. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. झाली हर्षद. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते. ८१ ने भागून बघा. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. का? तर नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९. (परत आठ गायब!) मग तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. म्हणजे ही संख्या डेम्लो तर आहेच, हर्षदही आहे. पुढे १९७७ साली आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत याच संख्यांवर भाषण दिलं, त्यामुळे बाहेरच्या पुस्तकांत त्यांना निव्हेन नंबर असंही म्हणतात. पण हर्षद हे संस्कृत नावही टिकून राहिलं आहे.

ज्या गावात आयुष्य काढलं त्या गावाचं नाव कापरेकरांनी ज्या संख्यांना दिलं त्या देवळाली संख्या. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २४ ला जन्म देणारी संख्या २१. आता उलटा प्रश्न. अशी कुठली संख्या आहे जिला जन्म देणारं कुणीच नाही? २० घ्या. कितीही शोधा, अशी संख्या सापडत नाही जिच्यात तिचे अंक मिळवले की २० येतील. ३१, ४२, ५३, ६४ सुद्धा तशाच. स्वतःच्या जिवावर उभ्या. इंग्रजीत यांना सेल्फ नंबर म्हणतात. १९६३ साली, रिटायर झाल्यावर, त्यांनी यावर पुस्तिका काढली. आपली सतरा अंकी संख्या मात्र इथे नापास होते, कारण तिला पालक आहे. १२३४५६७८९८७६५४२४० या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ती मिळवली की नेमकी आपली संख्या येते.

एकाच संख्येच्या किती बाजू असू शकतात हे यातून दिसतं. आपण साधारणपणे मोठी संख्या बघितली की ती किती मोठी एवढंच विचारतो. कापरेकर विचारायचे की ती वागते कशी.

उपयोग काय?

आता तो प्रश्न, जो हा लेख वाचताना निम्म्या हॉस्टेलच्या डोक्यात आला असेल. याचा उपयोग काय? आणि यावर किती मार्क?

हा प्रश्न कापरेकरांच्या हयातीतही होता. भारतातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम मनावर घेतलं नाही. मुलांची करमणूक आहे, गणित नाही, असा सूर होता. त्यांचं बरंचसं लिखाण लहान नियतकालिकांत आलं किंवा त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून छापलं. मास्तरांच्या पगारातून पुस्तिका छापणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

टीका करणारे अगदीच चुकीचे होते असंही नाही. त्यांचा मुद्दा समजून घेतला पाहिजे. अंकांची बेरीज, वर्गाचे तुकडे, हे सगळं आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून दिसतं. संख्या तीच, पण बायनरीत लिहिली की जिना गेला. बायनरीत दोन एक म्हणजे ३, त्याचा वर्ग ९, बायनरीत १००१. म्हणजे तिथे दुसऱ्याच पायरीला हातचा येतो. मग हा गुण संख्येचा की आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा?

पण याच प्रश्नातून पुढे जाता येतं. बायनरीत एकच पायरी, दहाच्या पायात नऊ पायऱ्या. मग हेक्साडेसिमलमध्ये? मायक्रोप्रोसेसर शिकलेल्यांनी करून बघा. पंधरा एकांचा वर्ग केला की जिना एकपासून नऊपर्यंत, मग ए, बी, सी, डी, ई, एफ असा चढतो आणि तसाच उतरतो. पाया कुठलाही घ्या, त्याच्यापेक्षा एक कमी इतके एक घेतले की जिना पूर्ण होतो, आणि पुढच्याला हातचा येतो. म्हणजे करमणूक म्हणून सुरू झालेली गोष्ट एका नियमापाशी येऊन पोचली. नियम सापडला की ते गणितच झालं, त्याला दुसरं काय म्हणणार?

कापरेकरांना मात्र या वादात फारसा रस नसावा. त्यांना लोक गणितानंद म्हणत. टोपणनावात आनंद आहे, उपयोग नाही, हे बरोबरच आहे.

६१७४

त्यांचं नाव ज्यामुळे अजरामर झालं ती संख्या सतरा अंकी नाही, चारच अंकी आहे. १९४६ साली त्यांना ती सापडली आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती लोकांसमोर मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं. त्यांचंच जन्मवर्ष घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या. तीन अंकी संख्यांत हाच खेळ ४९५ वर येऊन थांबतो. पाच अंकी संख्यांत मात्र कुठेच थांबत नाही, काही संख्यांच्या चक्रात गोल गोल फिरत राहतो. चारात जे आहे ते पाचात नाही. हे कागदावर शोधायला किती वजाबाक्या कराव्या लागल्या असतील याचा अंदाज करा. आपल्याला आज दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून सगळ्या चार अंकी संख्या एका सेकंदाच्या आत तपासता येतात. पण तपासायचं काय, हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

शेवटची वर्षं

१९६२ साली ते रिटायर झाले. १९६६ साली पत्नी वारली. पेन्शन तुटपुंजी. गरजा अगदी कमी असूनही ती पुरेना, म्हणून साठी ओलांडलेल्या या माणसाला गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. म्हणजे ज्याच्या नावाच्या संख्या आपण आज शिकतो, तो घर चालवायला शिकवण्या घेत होता. हे वाचून वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो. पण संख्यांचं काम त्यांनी सोडलं नाही.

मग १९७५ साली, ते सत्तर वर्षांचे असताना, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं. गार्डनर यांचं हे गणिती खेळांचं सदर जगभर वाचलं जायचं. देवळालीच्या मास्तरांचं नाव त्यानंतर जगभर झालं. पारितोषिक मिळालं त्याला तोपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. १९८६ साली देवळालीला त्यांचं निधन झालं.

मधल्या या अठ्ठेचाळीस वर्षांकडे बघितलं की मला वाटतं, त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट संख्यांपेक्षा वेगळी आहे. आपण सगळे चांगलं काम करतो, पण कुणीतरी बघत असेल तर. इंटर्नल असेल, मार्क असतील, सर्टिफिकेट असेल तर. कापरेकरांचं काम बराच काळ फारसं कुणी बघत नव्हतं, आणि जे बघत होते त्यातले काही जण हसत होते. तरी पेपर निघत राहिले, पुस्तिका निघत राहिल्या, आणि १९३८ साली छापलेलं आजही तपासलं तर बरोबरच येतं. कापरेकरांना १९७५ साली न्याय मिळाला हे चांगलंच झालं. पण गार्डनर यांनी लिहिलं नसतं तरी त्या बेरजा चुकल्या नसत्या. त्यांचा आधार तोच होता.

शेवटी एक छोटा प्रयोग, आज रात्री मेसहून आल्यावर करण्यासारखा. वर १९०५ वर सात पायऱ्या केल्या. आता त्यांच्या मृत्यूचं वर्ष १९८६ घ्या आणि तीच वजाबाकी सुरू करा. पहिलंच उत्तर ८१७२ येईल. वर नजर टाका, १९०५ ची दुसरी पायरी तीच आहे. म्हणजे पुढचा सगळा रस्ता एकच. मग तुमचं स्वतःचं जन्मवर्ष घ्या, बाईकचा नंबर घ्या, रूम पार्टनरच्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे घ्या. चारही अंक सारखे तेवढे नकोत. सातव्या पायरीपर्यंत ६१७४ आलं नाही तर वजाबाकी परत तपासा.